आत्या ब्रेकवर, मी पाइपवर

आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. हिशेबातला माणूस, पाना हातात घ्यायची वेळ येते ती फार तर गॅसची नळी बदलताना. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते वाचून कुणा जाणकाराला हसू आलं तर खुशाल हसा, पण माझ्यासारखाच कुणी पहिल्यांदा जुन्या गाडीचं इंजिन उघडायला बसला असेल आणि एक बोल्ट काही केल्या हलत नसेल तर माझ्या हमालीचा त्याला थोडा उपयोग व्हावा.

गाडी आतोबांची. मारुती ८००, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. आतोबा नंदानगरला राहतात, आधी मिलमध्ये फिटर होते, मिल बंद पडल्यावर बरीच वर्षं दुसऱ्याच्या खरादीवर, म्हणजे लेथवर, काम केलं, आता पंचाहत्तरीला आलेत पण गाडी विकायचा विषय काढला की त्यांना एकदम कमी ऐकू यायला लागतं. दिवाळीच्या आधी उज्जैनहून येताना सांवेरच्या पुढे गाडीचा काटा लाल रेघेवर गेला, बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ, मग दोरीने ओढत इंदौरला. दुसऱ्या दिवशी इंजिन ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या चहासारखा चिकटा. तेलात पाणी गेलेलं, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिन आणि त्याचं वरचं झाकण म्हणजे हेड ह्यांच्या मधलं सील, उडालं, एवढं मलाही कळलं.

गल्लीच्या तोंडावरच्या मेकॅनिकने "भिया, पूरा इंजन उतरेगा" म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून आतोबा घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "इंजिन कशाला उतरवायचं, हेड काढायचं फक्त. तुला सुटी आहे ना?" सुटी होती. ती कशी गेली ते सांगतो.

पहिल्या दिवशी आम्ही एकही बोल्ट उघडला नाही. मला वाटलेलं सकाळी बसू आणि संध्याकाळपर्यंत हेड खाली, मी तर नवीन गोटी सेट, म्हणजे सॉकेट पान्यांचा सेट, घेऊन गेलेलो सियागंजातून, चकचकीत डब्यात, तो बघून आतोबा नुसते "हं" म्हणाले. मग त्यांनी बॅटरीची वायर काढायला लावली, आधी मायनस, मग रेडिएटरमधलं पाणी काढून टाकलं, आणि माझ्या हातात तारेचा ब्रश दिला. म्हणे प्रत्येक बोल्टाचा डोका आणि जेवढे आटे बाहेर दिसतायत तेवढे सगळे घासून काढ. मी म्हटलं खोलायचंच आहे तर घासायचं कशाला. त्यावर त्यांचं उत्तर असं की गंज लागलेला नट जेव्हा बोल्टावरून मागे येतो तेव्हा त्याला बाहेरच्या आट्यांवरूनच यायचं असतं, तिथे माती आणि गंज बसलेला असेल तर तो अर्ध्यात पुन्हा अडकणार, आणि डोक्यात कचरा असेल तर गोटी पूर्ण बसणार नाही, वरवर बसेल आणि मग सरकेल. हे कुणी सांगितलं की सोपं वाटतं, पण मी मनाने केलं असतं तर ब्रशला हातही लावला नसता हे नक्की.

घासून झाल्यावर तेल. ह्यावरून आमचा थोडा वाद झाला. मी डब्ल्यूडी-४० चा स्प्रे नेलेला. आतोबांकडे होती एक बाटली, राशनचं जुनं घासलेट आणि इंजिन ऑइल मिसळलेलं, वरती झाकणाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेला. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायला बनवलेलं, नावच वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळीसावा फॉर्म्युला जमला म्हणून चाळीस, १९५३ सालची गोष्ट. गंज धरू नये म्हणून ते उत्तम, थोडं आतही शिरतं, पण वर्षानुवर्षं धरलेल्या आट्यांत खोल जायला त्याहून पातळ आणि त्याच कामासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त चालतं. काही लोक एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात, मी तेही करून बघितलं, पण ते दोन्ही एकमेकांत नीट मिसळतच नाहीत, दर वेळेला बाटली हलवावी लागते, आणि ॲसिटोन पेट घ्यायला टपलेलंच असतं. शेवटी घासलेट जिंकलं, कारण ते होतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, आणि प्रत्येक वेळेला हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर टुकटुक चार-पाच ठोके. जोरात नाही, दार वाजवतो तसे. त्या धक्क्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला आत जायला फट मिळते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तर नट आतून आवळल्यासारखा होतो. नुसतं तेल सोडून दिलं तर ते बाहेरच बसून राहतं.

असे दोन दिवस. मी रोज राजेंद्रनगरहून नंदानगरला जायचो, तेल घालायचो, ठोकायचो, आत्याच्या हातचं खायचो, परत यायचो. बायको म्हणाली तुम्ही गाडी खोलताय की तिला अभिषेक करताय.

तिसऱ्या दिवशी कामाला सुरुवात. एअर फिल्टरचा डबा, वायरी, होज पाइप, ह्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला आणि नट-बोल्ट मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात भोकं पाडून ज्या जागेचा त्या जागी खोचून ठेवले. कार्ब्युरेटरजवळच्या क्लॅम्पच्या चौफुली स्क्रूंनी मात्र पहिला इंगा दाखवला. स्क्रूड्रायव्हर घातला, फिरवला, तो वर उसळला आणि खाच खाल्ली गेली. आतोबांनी हात धरला. जपानी गाड्यांचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या चौफुलीसारखेच पण खाच थोडी वेगळी असते, आपला ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही. त्यांनी काढला इम्पॅक्ट ड्रायव्हर, विजेचा नाही, तो जाडजूड हातातला, वरून हातोडी मारली की टोक खाली दाबत थोडंसं फिरतं. दाब आणि फिरणं एकाच वेळी, त्यामुळे उसळायला वावच नाही. तीन ठोक्यांत स्क्रू मोकळा. ही वस्तू मी दुसऱ्याच दिवशी विकत घेतली.

मग थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिनच्या पाण्याच्या वाटेवरच्या झडपेच्या, हाउसिंगचे दोन बोल्ट. हे छोटे, दहा नंबरचा पाना लागतो, दिसायला गरीब. पण इथे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात बसलेला, आणि वर्षानुवर्षं पाणी झिरपून दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी तयार झालेली, ती सिमेंटसारखी धरते. इथे घासलेटाचं काही चाललं नाही. मी जरा जोर लावला तर पाना फिरल्यासारखा वाटला, मी खूश, आला आला. आतोबा ओरडले, "थांब! आला नाही, पिळला जातोय."

हा फरक मला सगळ्यात जास्त कामी आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुटणारा बोल्ट आधी काहीच देत नाही, देत नाही, देत नाही, आणि एकदम कडक् असा आवाज करून सुटतो, किंवा दरवाज्याच्या बिजागरीसारखा कुरकुरत येतो. दोन्ही चांगले. पण तुटणारा बोल्ट आवाज न करता मऊ लागतो, रबराची नळी पिळल्यासारखा, पाना पुढे जातो पण सोडला की थोडा मागे येतो. डोकं फिरतंय पण खाली आटे जागेवरच आहेत. तिथे थांबायचं, लगेच, अजून थोडंसं वगैरे काही नाही. उलट घट्ट करायच्या दिशेने किंचित दाबायचं, मग सोडायच्या दिशेने, मग परत घट्ट, असं पुढेमागे. घट्ट करताना आधी विश्वासच बसत नाही की आपण हे करतोय, अडकलेला बोल्ट आणखी आवळतोय, पण त्याने थर तुटतो आणि आटे स्वतःच आपला कचरा बाहेर ढकलतात.

थर्मोस्टॅटच्या बोल्टांना आतोबांनी आत्याला आधण ठेवायला सांगितलं. चहासाठी नाही. हाउसिंगवर जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळला आणि उकळतं पाणी त्यावर हळूहळू ओतलं, दोन पातेली. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं. फरक केसाएवढाही नसेल, पण तेवढा पुरतो. आणि आगीची भीती नाही. दुसऱ्या पातेल्यानंतर पुढेमागे करत करत दोन्ही बोल्ट आले, आट्यांवर पांढरा चुना लागलेला. आत्या म्हणाली, "आता चहा ठेवू का अजून कुणाला अंघोळ घालायचीय?"

मग नंबर लागला क्रँक पुलीच्या बोल्टाचा, क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा. हेड काढायचं तर टायमिंग बेल्ट काढावा लागतो, बेल्टाचं कव्हर काढायचं तर क्रँकची पुली काढावी लागते, आणि ती पुली धरून बसलेला असतो एकच मोठा बोल्ट मधोमध. हा गंजाने कमी आणि मुळातल्या आवळणीनेच जास्त धरलेला असतो. पाना लावला की पूर्ण इंजिनच फिरायला लागतं. गॅरेजात ह्याला एअर गन लावतात, घर्रर्र, दोन सेकंद. आमच्याकडे एअर गन नव्हती, आत्या होती.

म्हणजे असं की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची, चाकांना विटा लावायच्या, आणि कुणीतरी आत बसून ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा. मग चाकं फिरत नाहीत, चाकं फिरत नाहीत म्हणून गिअरबॉक्स फिरत नाही, म्हणून क्रँकही नाही. आत्या गेल्या पंचवीस वर्षांत ह्या गाडीत कायम डावीकडे बसलेली, स्टिअरिंगच्या बाजूला पहिल्यांदाच बसली, मांडीवर मटारची परात घेऊन. आतोबा म्हणाले दोन्ही पायांनी दाब. ती म्हणाली, "इतकी वर्षं सांगत होते मला शिकवा, आता बोल्टासाठी आठवण झाली."

माझा नवीन सेटचा रॅचेट आतोबांनी बाजूला ठेवला. रॅचेटच्या आत छोटे दाते असतात, ते एवढ्या जोरासाठी नसतात. साधा सरळ टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, त्यावर सहा कोनांची गोटी, आणि टॉमीवर चढवला जीआय पाइपचा तुकडा, बरोबर एक मीटर लांब, नळाच्या कामातून उरलेला. त्या लांबीवर मी तीस किलोचा जोर दिला तर बोल्टावर तीस किलोग्रॅम-मीटर पीळ येतो, म्हणजे जवळजवळ तीनशे न्यूटन-मीटर. नुसत्या फूटभर पान्यावर तोच जोर दिला तर नव्वदच्या आसपास. गणित माझ्या आवडीचं असल्यामुळे मी ते आत्याला समजावून सांगत होतो, ती म्हणाली पाय दुखतोय, लवकर कर.

दाबला. काही नाही. अजून दाबला. पाइप धनुष्यासारखा वाकल्यासारखा वाटला. आतोबा खाली बसून गोटी एका हाताने बोल्टावर सरळ दाबून धरून होते, म्हणजे तिरकी होऊन निसटू नये. मी सगळं वजन टाकलं आणि असा फटाका वाजला की शेजारची पोरं गॅलरीत आली, दिवाळी होतीच, त्यांना वाटलं आमच्याकडे लवंगी लावली. माझ्या पोटात गोळा, तुटला. आतोबा हसत होते. बोल्ट पाव फेरा फिरलेला. पुढे बोटांनी निघाला.

त्या आवाजाने माझं डोकं फिरलं. म्हणजे खरंच, पाइप हातात घेऊन मी गल्लीत असा उभा होतो की जणू मालव्याची सुभेदारी मिळाली. इथून पुढे जे झालं त्याची जबाबदारी माझी, पूर्ण माझी.

आतोबा दुपारी आडवे झाले. जाताना सांगून गेले की एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, हात लावू नको, त्याला आपण चार वाजता गरम करून काढू. एक्झॉस्टचे नट म्हणजे ह्या सगळ्यातले सगळ्यात वाईट. रोज लालबुंद तापायचं, थंड व्हायचं, पावसात भिजायचं, असं पंचवीस-सव्वीस वर्षं, नटाचा रंगच गेलेला, पापुद्रे सुटलेले. पण मी म्हटलं एखादा बघू तरी. पहिला सुटला, कुरकुरत का होईना सुटला. दुसऱ्याला मी रिंग पाना लावला, बारा कोनांचा, आणि नट गोल झाला. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर दाब देते, बारा कोनांची रिंग टोकांजवळ धरते, आणि गंजलेल्या नटाची टोकंच आधी गेलेली असतात. बरं, इथे तरी थांबावं की नाही? मी तिसऱ्यावर गेलो, ह्या वेळी शहाणपणाने सहा कोनांची गोटी, टॉमी, आणि तो एक मीटरचा पाइप.

हा नट ज्यावर बसतो तो स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, त्याची जाडी आठ मिलीमीटर. एवढ्या स्टडला साधारण दोन-अडीच किलोग्रॅम-मीटर आवळणी असते. मी त्यावर जे हत्यार लावलं ते दहापट जोर देऊ शकणारं, आणि पाइप लांब असला की हाताला कळतच नाही खाली काय चाललंय. मऊ लागलं का? लागलं असेल. मला काही कळलं नाही. आवाजही धड आला नाही, लोण्यात सुरी गेल्यासारखं काहीतरी, आणि गोटीत नट, नटात अर्धा स्टड, आणि उरलेला हेडमध्ये.

आतोबा उठून आले, बघितलं, काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "किती बाहेर आहे?" तीन-चार मिलीमीटर. "मग ठीक आहे."

बाकीचे नट त्यांनी स्वतः काढले आणि मी नुसता बघत बसलो. कार्ब्युरेटर आधीच काढून घरात ठेवलेला, पेट्रोलच्या नळीला बुच मारलेलं, ओलं पोतं आणि वाळूची बादली बाजूला, मग गॅसचा छोटा टॉर्च. आच नटावर, स्टडवर नाही, कारण नट फुगायला हवा आणि स्टड नाही. नट काळपट लाल झाला की आच बाजूला, आणि मेणबत्ती, लाइट गेल्यावर लावतो तीच, तिचं टोक नटाच्या कडेला टेकवायचं. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांच्या फटीत आत ओढलं जातं. तेल तिथे जळून धूर झालं असतं, मेणाचाही थोडा धूर होतोच पण बरंच आत जातं. मग थोडं थांबून, आखूड पान्याने, पाव फेरा सोडायचं आणि थोडं परत आवळायचं. एकही तुटला नाही. मी गोल केलेल्या नटासाठी त्यांनी मिलच्या काळातल्या पेटीतून एक गोटी काढली, इंची, साडेतीन सूत, म्हणजे ११.१ मिलीमीटर. बारा नंबरचा नट गंजून बारीक झालेला, त्यावर ही हातोडीने ठोकून बसवली, ती नटात रुतली आणि नट मुकाट्याने आला. माझ्या चकचकीत सेटमध्ये इंची काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी हेडचे बोल्ट, आठ. इंजिन रात्रभर थंड झालेलं, हेही मुद्दाम, कारण गरम ॲल्युमिनियमचं हेड सोडलं तर वाकू शकतं. बसवताना मधून बाहेर आवळत जातात, काढताना उलट, बाहेरच्यांपासून मधल्यांकडे, आणि एकदम नाही, आधी सगळ्यांना थोडं थोडं, मग परत पहिल्यापासून. आठही कडक् कडक् करत सुटले. ह्यांना मला पाना दिला आतोबांनी, फक्त पाइप देत नव्हते. एका बोल्टावर मला परत ते मऊ लागल्याचा भास झाला, मी चटकन हात काढला, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "नाही, हा चांगला आहे, गोटी तिरकी लागलीय." सरळ केली, सुटला.

बोल्ट निघाले तरी हेड काही उचललं जात नव्हतं, गॅस्केट चिकटलेलं. इथे फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, तो करू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच उद्या पाणी झिरपणार. लाकडाचा ठोकळा लावून कडेने हातोडीचे हलके ठोके, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी, आणि मग ते चप्पल चिखलातून निघते तशा आवाजात सुटलं. खाली दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट जळून काळी वाट पडलेली. आत्यालाही दाखवलं. ती म्हणाली एवढ्याशा ह्याच्यासाठी?

हेड पोत्यात बांधून स्कूटरवर मध्ये ठेवलं, मागे आतोबा, आणि पाटनीपुऱ्याच्या बाजूला एका वेल्डिंगवाल्याकडे. मी रस्त्यात म्हटलं, ईझी आउट मिळतो ना, स्टडमध्ये भोक पाडून उलट्या आट्यांचा तो घालायचा आणि फिरवायचा. आतोबा म्हणाले, मिळतो, आणि जो स्टड नटाने आला नाही तो त्या बारक्या काडीने येईल असं तुला वाटतं का, ती कडक पोलादाची असते, आत तुटली तर तिच्यात साधा ड्रिलही शिरत नाही, मग रडत बसायचं.

वेल्डिंगवाल्याने हेड उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, "किसने तोड़ा?" आतोबा म्हणाले, "टूट गया." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पाइप लगाया था क्या भिया?" मी म्हटलं हाओ.

त्याने स्टडच्या तुटक्या टोकावर एक नवा नट ठेवला, आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंगचा टाका भरला, म्हणजे स्टड आणि नट एक. शेजारचं ॲल्युमिनियम त्या लोखंडी टाक्याला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती नाही, नेम चुकून हेड पोळलं नाही म्हणजे झालं. पहिला टाका थंड व्हायच्या आत त्याने फिरवला, नट निघून हातात आला. दुसऱ्यांदा टाका जास्त भरला, फिरवला, परत तुटला. मला घाम. तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "टेंशन नी लेने का, हर बार गरम हो रिया है, ढीला पड़ रिया है." आणि ते बरोबरच होतं, वेल्डिंगची धग सरळ स्टडच्या आत जाते, तो तापतो, आवळतो, सुटा होतो, प्रत्येक अपयशात थोडं काम होत असतं. तिसऱ्या टाक्याला लाली जाईपर्यंत थांबला, आमची मेणबत्ती मागून घेतली, मेण लावलं, पाना आखूड, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि कुरकुर. ती कुरकुर मी आयुष्यात विसरणार नाही. स्टड सगळा बाहेर, आट्यांसकट, हेडचे आटे शाबूत. शंभर रुपये घेतले त्याने. मी दोनशे देत होतो तर आतोबांनी हात धरला.

तिथून खरादवाल्याकडे हेड फेस करायला, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करायला, टाकलं, नवे स्टड घेतले, आणि त्यावर पितळी नट, कारण पितळेचा नट पोलादी स्टडला असा गंजून धरत नाही. बसवताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे पुन्हा धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट, लावायचं असं ठरलं. ते मी घेतलं, माझ्या पैशाने, न सांगता.

संध्याकाळी परत गेलो तर आतोबा ओट्यावर बसून हॅकसॉने तो एक मीटरचा पाइप कापत होते. मी म्हटलं, पुली परत आवळायला लागेल की. "त्याला टॉर्क पाना आणू भाड्याने." फूटभराचा तुकडा त्यांनी माझ्या सेटच्या डब्यात ठेवला. उरलेला लांब तुकडा आत्याने घेतला, तिच्या टोमॅटोचं रोप वाऱ्याने आडवं झालं होतं.